तीन दिवसांत परत

१

मंगळवारी सकाळी सात वाजता तरेंच्या घरातलं लोखंडी कपाट तिसऱ्यांदा रिकामं झालं, आणि तिसऱ्यांदाही पासपोर्ट सापडले नाहीत.

लग्नाला जेमतेम अठरा दिवस झाले होते. धाकटा राकेश आणि त्याची नवी नवरी रुचिका गुरुवारी दुपारच्या विमानाने फुकेतला निघणार होते. हनिमून! पाच रात्री, समुद्राला लागून खोली, खोलीतूनच थेट वाळूत पाय. दोघांचे कोरे करकरीत पासपोर्ट मधल्या कप्प्यात, सासूबाईंच्या शालूखाली ठेवलेले. आता तिथे शालू होता, डांबराच्या गोळ्या होत्या, पासपोर्ट तेवढे नव्हते. राकेश डोक्याला हात लावून पलंगावर बसला होता. धाकटी बहीण दिशा गाद्या उचलून उचलून थकली होती. रुचिका दाराला टेकून उभी होती.

थोरली सून पूर्वा ड्युटीला निघाली होती, ती डबा हातात घेऊन उंबऱ्यातच थबकली. आणि खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा आनंद झाला. उकडत्या दुपारी पंखा लागावा तसं छातीत गार वाटलं. ते वाटणं जेमतेम दोन श्वास टिकलं, मग तिची तिलाच लाज वाटली. पण तेवढ्या दोन श्वासांत तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते सासूबाईंनी नेमकं टिपलं.

गुणाबाई रविवारी पहाटेच पडघ्याला बहिणीकडे, बायजाबाईकडे गेल्या होत्या, त्या सोमवारी संध्याकाळी परतल्या होत्या. आपण घरात नसताना हे घडलं याचाच त्यांना जास्त राग होता.

"रविवारी दुपारी मित्रांना दाखवून मीच परत ठेवले," राकेश म्हणाला. "त्यानंतर कपाटाला कोणी हात लावला?"

"बाहेरचा कोन आला न्हाय, गेला न्हाय," गुणाबाई कडाडल्या. "घरातलाच कोनतरी हाय. ज्याचे पोटान दुखतंय, त्यानाच उचलले."

नाव घेतलं नाही. पण घरातल्या सगळ्यांच्या नजरा डबा घेतलेल्या बाईकडे वळल्या.

दिशा खाली मान घालून हळूच बोलली, "वहिनी रविवारी संध्याकाळी ते पासपोर्ट उघडून बघत होत्या. मी पाहिलं."

२

ते खरं होतं. पूर्वाने रविवारी संध्याकाळी कपाट उघडलं होतं, रुचिकाचा फोटो बघितला होता, आणि पुढची कोरी पानं एक एक करून उलटली होती. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

जळत होती ती, हे काही गुपित नव्हतं. रुचिका शहापूरहून लग्न होऊन आल्या दिवसापासून जळत होती. रुचिकाच्या गवताच्या टोपीवर, काळ्या गॉगलवर, समुद्रात तोंड बुडवून मासे बघायच्या त्या नळीवर. स्वतःच्या लग्नानंतर पूर्वा गेली होती ती एकवीरेला, अकरा माणसं एका टेम्पोत. मुक्कामाला एक खोली, त्यात सगळ्या बायका. नवरेमंडळी बाहेर ओट्यावर. नवऱ्याने, मनोजने, परतताना कानात सांगितलं होतं, पावसाळा संपला की गोवा. त्याला पाच पावसाळे उलटले. मनोज पुन्हा बोलला नाही, आणि पूर्वाने विचारलं नाही. त्याची ड्युटी दुपारी चार ते रात्री बारा, हिची सकाळी आठ ते चार. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर त्यांचा संसार चालला होता.

पूर्वाचं काम राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये, रिटर्नच्या टेबलावर. लोक मोबाइलवर कपडे मागवतात, आवडले नाहीत की परत पाठवतात. आलेलं पार्सल उघडायचं आणि ठरवायचं, माल कोरा आहे की वापरलेला. साडी नेसून, फोटो काढून, घडी घालून परत पाठवणाऱ्या बायका पूर्वाने हजारोंनी पकडल्या होत्या. खांद्यावरचं पिनेचं भोक, काखेतला पावडरचा वास, काठाला लागलेली हळद. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. सुपरवायझर केसरीनाथ नव्या पोरींना सांगायचा, "पूर्वा बोलली वापरलाय, म्हणजे वापरलाय. तिथे वाद नाय."

ही नजर आता घरात वापरायची वेळ आली होती. कारण गुणाबाईंनी फर्मान काढलं होतं, पासपोर्ट बुधवार संध्याकाळपर्यंत मिळाले नाहीत तर थोरलीने आपली चूल वेगळी मांडावी. चुलीचं तिला फारसं काही नव्हतं. पण चोर म्हणून घरातून निघायचं, आणि मग चाळीत, गल्लीत, माहेरी, सगळीकडे तेच नाव चिकटायचं, याने तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने फोन करून सुट्टी टाकली.

दुपारी मनोज शिफ्टला निघताना चपला घालता घालता थांबला. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "पूर्वा, तू... नाही ना घेतलेस?"

सासूच्या बोलण्याने जे झालं नव्हतं, ते त्या पाच शब्दांनी झालं. तो गेला, आणि तिने डोळे पुसून पहिल्यांदा राकेशला हाक मारली.

३

"भाऊजी, पासपोर्ट कुठे असतात हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. कपाटाला कुलूप कुठेय?" राकेश वैतागला होता. "मी तर पोलिसात तक्रार द्यायला निघालो होतो. रुचिका म्हणाली, घरातली गोष्ट आहे, दोन दिवस थांबा. आता दोन दिवसांनी तक्रार देऊन काय विमान परत बोलावू?"

"कोणाशी तुमचं वाकडं? फुकेत नको व्हावं असं कोणाला वाटेल?"

राकेशने तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढचा प्रश्न गिळला.

दिशा अपराधी चेहऱ्याने आली. सकाळचं आपलं बोलणं तिला लागलं होतं.

"वहिनी, मी फक्त जे बघितलं ते..."

"राहू दे ग. रविवारपासून आज सकाळपर्यंत या घरात काय काय झालं, तेवढं आठवून सांग. बारीकसारीकसुद्धा."

दिशा बोलायला लागली की थांबत नसे. रविवारी दुपारी मित्र आले. संध्याकाळी दादा आंघोळीला गेला तेव्हा त्याचा फोन सारखा वाजत होता, म्हणून छोट्या वहिनीने तो उचलून बघितला. रात्री छोटी वहिनी जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. सोमवारी सकाळी पार्सलवाला आला...

"कसलं पार्सल?"

"छोट्या वहिनीचं. बीचसाठी मागवलेले दोन झगे मापात बसले नाहीत. ते परत द्यायचे होते. दहाला माणूस आला, मीच खोका त्याच्या हातात दिला."

"आणि मागवलं कुठून होतं?"

"तुमच्याच कंपनीतून ना," दिशा म्हणाली. "तुम्हीच तर नाव सांगितलं होतं तिला."

पूर्वाच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं, पण तिने ते तसंच ठेवलं आणि रुचिकाकडे गेली. रुचिका बॅगेपुढे बसली होती. बॅग अर्धी भरलेली होती. अठरा दिवसांची नवरी, हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती, आणि डोळ्यांखाली काळं. बरं झालं, असं पूर्वाच्या मनात पुन्हा आलं आणि तिने ते पुन्हा दाबलं.

"रुचिका, माझ्यावर आळ आलाय. तुला काय वाटतं?"

"तुम्ही नाही घेतले, ताई," रुचिका पटकन म्हणाली. मग सावरून, "म्हणजे, कोणीच घेतले नसतील. कुठेतरी पडले असतील. मिळतील हो. चार दिवसांत मिळतीलच."

"चार दिवसांनी मिळून काय उपयोग? विमान परवा आहे."

"हो ना," रुचिका म्हणाली आणि एक टॉवेल उगाचच पुन्हा घडी घालू लागली.

स्वयंपाकघरात परत येऊन पूर्वा विचार करत बसली. रविवार संध्याकाळनंतर या घरातून बाहेर काय गेलं? ओला कचरा, सुका कचरा, दूधवाल्याच्या रिकाम्या पिशव्या. आणि एक खोका. तो खोका आज ना उद्या राहनाळलाच जाणार होता. तिच्याच टेबलावर.

४

बुधवारी पूर्वा आठच्या आधीच गोडाऊनला पोचली. दिशाच्या फोनमधून पावतीचा नंबर घेतलेला होता. रात्रभर आलेला माल जाळीच्या पिंजऱ्यांत भरून उभा होता. शेजारच्या टेबलावरच्या गंगूने स्कॅनर मारून दिला आणि अकरा वाजता तिसऱ्या पिंजऱ्याच्या तळाशी तो खोका सापडला.

पूर्वाने तो टेबलावर ठेवला. डोक्यावर कॅमेरा होता. इथे प्रत्येक पार्सल कॅमेऱ्याखालीच उघडायचं. कटर लावायच्या आधी तिची नजर टेपवर गेली आणि हात तिथेच थांबला.

घरगुती माणूस खोक्याला टेप लावतो ती आडवीतिडवी, वेठ उरकल्यासारखी. ही टेप मधोमध एक, दोन्ही कडांना एक एक, आणि शेवटचं टोक अर्धा बोट दुमडलेलं, म्हणजे उघडणाऱ्याला नखाने कुरतडत बसायला नको. हे गोडाऊनच्या माणसाचं काम होतं. तरेंच्या घरात गोडाऊनची माणसं दोनच. एक ती, आणि दुसरा त्याच गोडाऊनमध्ये पॅकिंगला असलेला मनोज.

तिने कटर फिरवला. वर एक निळा झगा, खाली एक पिवळा. पिवळ्याला खिसा होता, आणि खिशाच्या तोंडाला आतून साडीपिन लावलेली होती. पिन काढली. आत चेनवाली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन पासपोर्ट. त्यांच्यामध्ये ओल शोषणारी ती पांढरी पुडीही होती, नव्या पर्समध्ये असते तशी.

केसरीनाथ मागे येऊन उभा राहिला होता, ते तिला कळलंच नाही. त्याने पासपोर्ट उघडून नाव वाचलं, खोक्यावरचा पत्ता वाचला, मग तिच्याकडे बघितलं.

"पूर्वा, हे तुझ्याच घरचं पार्सल. तुझ्याच टेबलावर. आणि तू सकाळपासून नंबर घेऊन हेच शोधत होतीस." त्याचा आवाज उतरला. "घरी काय सांगशील? हे तर उलट तुझ्यावरच येणार ग."

५

ते तिलाही कळत होतं. पासपोर्ट सापडले होते, आणि त्यामुळेच ती पुरती अडकली होती.

तिने बाथरूमजवळच्या जिन्यात जाऊन मनोजला फोन लावला. त्याने आज सुट्टी टाकली होती, का ते तिने विचारलं नव्हतं.

"सोमवारी तो खोका तुम्ही टेप केलात?"

"हो. रुचिका कात्री शोधत होती, मी म्हटलं आण इकडे. का ग?"

"आत काय होतं बघितलंत?"

"झगे. घडी घालून ठेवलेले. मी फक्त वरून टेप मारली. पूर्वा, काय झालं?"

तिने फोन ठेवला. खरं बोलतोय की खोटं? अर्धा तास तिने हातातला माल न बघताच पुढे ढकलला. मनोजच असेल तर? बायकोचं रोजचं तोंड बघून त्याच्याही मनात भावाबद्दल काही सलत असेल तर? त्याला वाचवायचं तर चोर आपणच ठरायचं. त्याचं नाव घ्यायचं तर उरलंच काय?

मग तिने स्वतःला बजावलं. माल बघ. नेहमी बघतेस तसा बघ. कोणी पाठवला ते सोड, कसा पाठवलाय ते बघ.

ज्याला नुसतं बिघडवायचं असतं, तो पासपोर्ट फाडतो, चुलीत घालतो, नाहीतर खाडीत फेकतो. या चोराने ते पिशवीत घातले होते. ओल लागू नये म्हणून पुडी घातली होती. पडू नयेत म्हणून पिन लावली होती. या चोराला पासपोर्ट हवे होते, सुखरूप, फक्त गुरुवारनंतर.

आणि ते गुरुवारनंतर परत येतील हे त्याला कसं ठाऊक? पूर्वी मालात सापडलेल्या वस्तू गोडाऊनच्या एका पेटीत धूळ खात पडायच्या. कोणाची अंगठी, कोणाचं सिमकार्ड. शुक्रवारपासून रिटर्नच्या टेबलांपुरता नवा नियम आला होता, प्रत्येक खिसा तपासायचा आणि सापडलेली वस्तू तीन दिवसांत गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर परत पाठवायची. मनोजला पेटी ठाऊक होती, नवा नियम ठाऊक नव्हता. शुक्रवारपासून त्यांचं धड बोलणंच झालं नव्हतं. नियमाचं रडगाणं तिने एकदाच गायलं होतं, शनिवारी रात्री जेवताना. राकेश मित्रांबरोबर होता, दिशा क्लासला, मनोज शिफ्टला. ताटावर तिघीच होत्या. ती, गुणाबाई आणि रुचिका. त्यातल्या गुणाबाई रविवारी पहाटे पडघ्याला गेल्या, तेव्हा पासपोर्ट कपाटातच होते. त्या परतल्या तेव्हा खोका जाऊन आठ तास झाले होते.

आणि रुचिकाने त्या रात्री विचारलं होतं, "खरंच तीन दिवसांत परत मिळतं, ताई?"

पूर्वाला ते आठवलं तसा तिने हातातला कटर खाली ठेवला. स्वतःचा पासपोर्ट स्वतःच चोरणारी नवरी? ज्या सहलीवर आपण जळून जळून अर्ध्या झालो, ती सहल हिला नको?

केसरीनाथने नियम सांगितला होता, घाई असेल तर ज्याचं पार्सल त्यानेच ओळखपत्र घेऊन गेटवर यावं. पूर्वाने रुचिकाला फोन लावला.

"रुचिका, पासपोर्ट सापडले."

पलीकडून आवाज आला. त्यात आनंद नव्हता. कुठे सापडले, कोणाकडे सापडले, काहीही विचारलं नाही तिने.

"एवढ्या लवकर?" रुचिका म्हणाली.

६

चारला शिफ्ट सुटली. गेटबाहेर ट्रकांची रांग लागली होती, क्लीनर हिंदीतून एकमेकांना शिव्या घालत होते. चहाच्या टपरीमागच्या बाकड्यावर दोघी जावा बसल्या. पासपोर्ट सही करून रुचिकाच्या पर्समध्ये गेले होते.

"बोल," पूर्वा म्हणाली. "पिशवी, पुडी, पिन. सगळं बघितलंय मी. आता कारण सांग."

रुचिकाने आधी नाही म्हणून बघितलं. मग मोबाइल काढला आणि एक फोटो पुढे धरला. राकेशच्या फोनवर आलेल्या मेसेजचा फोटो होता तो. फुकेतच्या हॉटेलवाल्याने विचारलं होतं, पहिल्या रात्रीच्या केकवर नावं घालायची ती राकेश आणि मृणाली अशीच ना?

मृणाली. पडघ्याची. दोन वर्षांपूर्वी राकेशचा तिच्याशी साखरपुडा झाला होता आणि सहा महिन्यांत मोडला होता. घरात तिचं नाव कोणी घेत नसे.

"मग मागचे मेसेजही वाचले मी. तिच्याबरोबर ठरवलं होतं सगळं," रुचिका म्हणाली. "हॉटेल तिने निवडलेलं. खोली तिने निवडलेली. समुद्राकडे तोंड असलेली, हे तिचंच. एजंटने नंतर फक्त तारीख बदलली आणि नाव बदललं. केकवरचं तेवढं राहून गेलं. मी तिथे जाऊन काय करू, ताई? प्रत्येक ठिकाणी मला वाटणार, हे ती असती तर असं बघितलं असतं. ते माझ्याकडे बघतील तेव्हा वाटणार, मनात तीच आहे. माझ्या अंगाची आग आग होते. मला तिचा चेहरासुद्धा ठाऊक नाही, आणि रविवारपासून मी तिच्याशिवाय दुसरं काही बघितलं नाही."

पूर्वा तिच्याकडे बघत राहिली. हे डोळे तिच्या ओळखीचे होते. रोज सकाळी वेणी घालताना आरशात तिने हेच डोळे बघितले होते.

"नवऱ्याला सरळ विचारायचं होतंस."

"विचारलं आणि ते हो म्हणाले असते तर?"

पाच वर्षांत तिने तरी गोव्याचं कुठे विचारलं होतं?

"आणि माझ्यावर आळ आला तेव्हा तू दाराला टेकून उभी राहिलीस," ती म्हणाली. आवाज चढला तशी टपरीवाल्याने मान वळवली. "मला घराबाहेर काढत होते, रुचिका! माझ्या नवऱ्याने मला विचारलं, तू घेतलेस का म्हणून!"

"मला वाटलं नव्हतं तुमच्यावर येईल. मला वाटलं..." रुचिकाने डोळे पुसले. "खरं सांगू? आम्ही गेलो नाही तर तुम्हाला बरंच वाटेल, असं वाटलं."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते झोंबलं. पूर्वाने समोरचा चहा एका घोटात संपवला.

"असं सांगूया का," रुचिका हळूच म्हणाली, "की चुकून खोक्यात गेले? तुमच्यावरचंही जाईल आणि माझंही झाकलं जाईल."

मोह होता. सोपं होतं. पण चुकून कोणी खिशाला पिन लावत नाही, आणि गुणाबाईंनी ते लगेच विचारलं असतं. मग पुन्हा बोट तिच्याकडेच वळलं असतं, आत्ता नाही तर सहा महिन्यांनी, एखाद्या भांडणात.

"नाही," पूर्वा उठली. "वापरलेल्या मालाला मी कोरा म्हणत नाही. घरी जाऊन तूच सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

७

रिक्षा दाराशी थांबली तेव्हा सगळे ओट्यावरच होते. पूर्वाच्या मागून रुचिका उतरली आणि तिने पर्समधून पासपोर्ट काढले. राकेशने ते झडप घालून घेतले.

"कं बोललू मी!" गुणाबाईंनी मांडीवर थाप मारली. "चूल वेगली करायला लागली तवा निगाले. हिचेच गोडावनान सापडले ना? ठेवनारीलाच सापडतील, दुसऱ्याला कसे सापडतील?"

पूर्वाने रुचिकाकडे बघितलंही नाही. बाजूच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा, लूमचा खडखडाट चालू होता. रुचिकाने पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. गुणाबाई आणखी काही बोलणार होत्या. मनोज ओट्यावरून उठून उभा राहिला होता.

"मी ठेवले," रुचिका म्हणाली.

कोणाला ऐकूच गेलं नाही बहुतेक. तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मग सगळंच सांगितलं. पिन, पिशवी, मेसेज, मृणाली. शेवटचं नाव उच्चारताना ती राकेशकडेच बघत होती.

राकेशचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. "तसं काही नाही ग," तो म्हणाला. "मनात तसलं काहीच नव्हतं. जागा चांगली होती, तारीख बदलून मिळत होती, म्हणून... माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या डोक्यातून जात नाही," रुचिका म्हणाली.

गुणाबाईंचा आवाज प्रथमच खाली आला. "बाय, बरोबर हाय तिचा. मी असतू तर मी बी न्हाय गेलू असतू." मग थांबून, पूर्वाकडे न बघता, "आनि थोरलीला कोनी पानी द्या. सकालपासून उन्हातान्हात फिरतेय."

गुणाबाईंकडून याहून जास्त माफी या घरात कधी कोणाला मिळाली नव्हती. दिशाने पाणी आणलं आणि पेला देताना वहिनीचा हात घट्ट धरला.

राकेशने तिथेच, सगळ्यांसमोर, फुकेतला फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने खोली बदलायला सांगितली. समुद्राकडची नको, दुसरी कुठलीही, बागेकडची, आतली. मग केकवरचं नाव आलं आणि तो रुचिकाचं एक एक अक्षर ओरडून ओरडून सांगू लागला. पलीकडच्याला कळेना, लूमचा आवाज मधे मधे. तिसऱ्यांदा अक्षरं सांगताना त्याला घाम फुटला होता. रुचिका आधी दुसरीकडे बघत होती. चौथ्या वेळेला तिने त्याच्या हातून फोन घेतला आणि स्वतःचं नाव स्वतः सांगितलं.

पूर्वा आत जाऊन कणीक मळायला बसली. जिंकली होती ती. नाव धुऊन निघालं होतं. तरी उद्या ती दोघं विमानात बसतील या विचाराने मनात पुन्हा तेच ओळखीचं टोचलं, आणि आपण काही सुधारणार नाही हे तिला कळून चुकलं.

मनोज येऊन दाराशी उभा राहिला.

"मला ठाऊकच होतं, तू नसणार."

"ठाऊक होतं तर विचारलंत कशाला?"

पूर्वाने कणकेवर मूठ दाबली. राग होता, पण एक हिशेब तिच्याकडेही शिल्लक होता, आणि ती आज कोणाला सूट द्यायच्या मनःस्थितीत नव्हती, स्वतःलाही नाही.

"मीही तुमच्यावर घेतला होता संशय," ती म्हणाली. "ती टेप बघून. अर्धा तास. वाटलं, तुम्हीच लपवले."

"मी?" तो दचकला. "मी कशाला लपवीन?"

"माझ्यासाठी."

मनोज खाली बसला, तिच्यासमोर, फरशीवर.

"रविवारी रात्री तू झोपलीस तेव्हा कपाट उघडलं होतं मी," तो म्हणाला. "तू दिवसभर ज्या तोंडाने फिरत होतीस ना, ते बघवत नव्हतं. वाटलं, कशाला जातायत हे, आपण कुठे गेलो? शालू उचलला. पण खाली पासपोर्ट नव्हतेच. माझ्या आधी कोणीतरी नेलेले. मला वाटलं, तू नेलेस. म्हणून विचारलं."

पूर्वाचे हात परातीत तसेच राहिले. पाच वर्षं तिला वाटत होतं की या माणसाला काही दिसत नाही.

"आणि असते तर?" तिने विचारलं.

"घेतले असते," मनोज म्हणाला.